बराकपूर : लाटसाहेबांच्या बागेपासून बिल्डरच्या हिरवळीपर्यंत

नगरपालिकेच्या कचेरीत जागा विकासाचा अर्ज येतो, तेव्हा त्याला जोडलेल्या नकाशात हिरवा रंग भरपूर वापरलेला असतो. कडेने झाडांची रांग, मधोमध हिरवळ, एखादे कारंजे, मुलांसाठी खेळाची जागा. अभियंता मोजमापे तपासतो, समिती शिफारस करते, शुल्क भरले जाते आणि परवानगी मिळते. हा निव्वळ तांत्रिक कारभार आहे, यात राजकारण आणू नका, असे सत्ताधारी पक्षांचे पुढारी आणि नोकरशहा एका सुरात सांगतात. परंतु जमिनीच्या त्या तुकड्यावर काल काय होते, तेथून कोण उठणार आणि तेथे कोण राहायला येणार, हे त्या हिरव्या रंगाखालीच ठरून गेलेले असते. हुगळीकाठचे बराकपूर याची साक्ष गेली दोनशेहून अधिक वर्षे देत आहे.

बराकपूरला ब्रिटिशांनी १७६५ मध्ये लष्करी छावणी वसवली. पुढे गव्हर्नर जनरल वेलस्ली याने १८०१ मध्ये तेथील सरसेनापतीचे निवासस्थान स्वतःकडे घेतले आणि आजूबाजूच्या विस्तीर्ण जमिनीवर इंग्रज सरदारांना शोभेल असे उद्यान उभारण्यास प्रारंभ केला. बंगालची भूमी सपाट. पण इंग्लंडमधील उद्यानांची भूमी चढउताराची, म्हणून येथे कृत्रिम उंचवटे तयार करण्यात आले. पशुपक्ष्यांचे संग्रहालय झाले. कलकत्त्याहून थेट बागेपर्यंत दुतर्फा झाडे लावलेला सरळ रस्ता आखला गेला. मराठी वाचकाने येथे थोडे थांबून सन पाहावा. १८०२ च्या अखेरीस वसईचा तह झाला. १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला पडला, असई आणि अडगावच्या लढाया झाल्या. ज्या गव्हर्नर जनरलच्या फौजा दख्खनच्या शेतांतून चालत होत्या, त्याच्याच बागेत त्या वर्षांत हिरवळ अंथरली जात होती. दोन्हींचा खर्च एकाच तिजोरीतून, म्हणजे अखेर रयतेच्या साऱ्यातून निघत होता. बागेत राजवाडा बांधण्याचाही बेत होता. तो अडवला तो बंगालच्या शेतकऱ्याने नव्हे. लंडनमधील कंपनीच्या संचालकांना खर्च जड वाटला, म्हणून बांधकाम थांबले. जागेच्या विकासाच्या अर्जावर आक्षेप घेण्याचा अधिकार तेव्हा फक्त भागधारकांच्या प्रतिनिधींना होता. स्थानिक लोक त्या जागेला आजही ‘लाटबागान’, म्हणजे लाटसाहेबांची बाग म्हणतात.

या बागेला लागूनच छावणीचे कवायतीचे मैदान होते. नोव्हेंबर १८२४ मध्ये ब्रह्मदेशाच्या युद्धावर जाण्याचा हुकूम झालेल्या ४७ व्या पलटणीच्या शिपायांनी सामान वाहण्यासाठी बैल मागितले. सरसेनापती पॅजेट याने त्यांच्यावर तोफा डागल्या. पळणारे कित्येक शिपाई हुगळीत बुडाले आणि बिंदी तिवारी फासावर गेला. १८५७ मध्ये मंगल पांडे यांना फाशी झाली तीही येथेच. बागेची वाखाणणी करणाऱ्या इंग्रज पाहुण्यांनी हत्तींची, पाखरांची आणि वडांची वर्णने भरभरून लिहिली. या तोफांचा आवाज त्या हिरवळीपर्यंत पोहोचला नसेल असे मात्र नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हुगळीच्या दोन्ही तीरांवर ताग गिरण्या उभ्या राहिल्या. पहिली पलीकडच्या रिषड्याला, १८५५ मध्ये. बिहार, संयुक्त प्रांत, ओरिसा आणि तेलुगू मुलखातून आलेले कामगार गिरणीच्या चाळींत, म्हणजे ‘कुली लाइनी’त कोंबले गेले. साहेबांचे बंगले नदीकाठी, हिरवळीवर. कामगारांची वस्ती गिरणी आणि रेल्वेच्या मधल्या पट्ट्यात. ही रचना स्वातंत्र्यानंतरही मोडली नाही. २०११ च्या जनगणनेत बराकपूरला चिकटलेल्या टिटागढ नगरपालिकेच्या जेमतेम सव्वातीन चौरस किलोमीटर क्षेत्रात १ लाख १६ हजार माणसे मोजली गेली. म्हणजे चौरस किलोमीटरला पस्तीस हजारांहून अधिक! आणि तेथून काही मिनिटांच्या अंतरावर लाटबागानची गर्द झाडी आहे, जेथे आता पोलीस प्रबोधिनी आहे.

या भूमीवर आज राज्य तरी कोणाचे? एका बाजूला बराकपूर नगरपालिका, दुसऱ्या बाजूला उत्तर बराकपूर नगरपालिका, मध्ये कॅन्टोन्मेंट बोर्ड, ज्याचा अध्यक्ष कायद्यानेच लष्करी अधिकारी असतो. पुणे, खडकी, देवळाली, कामठी येथील कार्यकर्त्यांना हा प्रकार समजावून सांगण्याची गरज नाही. भिंतीच्या अलीकडे पाणी तुंबले तर पलीकडच्या कचेरीकडे बोट दाखवायचे, आणि पलीकडे तुंबले तर अलीकडे, ही त्यांची नित्याची रीत.

त्यातही पुकुरांची, म्हणजे तळ्यांची कथा मुळातून पाहण्यासारखी आहे. बंगालच्या सखल भूमीत घराघरामागे, गल्लीगल्लीत तळी असतात. पावसाळ्याचे पाणी त्यांत मुरते, बायका तेथे धुणी-भांडी करतात, मासे मिळतात. पश्चिम बंगालचा १९८४ चा अंतर्देशीय मत्स्यव्यवसाय कायदा आणि त्यातील पुढची दुरुस्ती यांनी पाच कट्ठे, म्हणजे सुमारे साडेतीन गुंठे वा त्याहून मोठे कोणतेही तळे बुजवण्यास मनाई केली. कायदा चांगला आहे, आणि तो डाव्या आघाडीच्या राजवटीत झाला याचा अभिमान बाळगावा असाच आहे. पण कायद्याला वळसा कसा घातला जातो? आधी तळ्यात कचरा पडू लागतो. मग जलपर्णी माजते. मग डासांची तक्रार होते, तीही रास्तच असते. मग राडारोडा येतो. काही वर्षांनी तेथे तळे होते असे म्हणणाऱ्यालाच पुरावा मागितला जातो, आणि जमिनीच्या दप्तरात ‘पुकुर’ या शब्दाच्या जागी ‘वास्तू’ हा शब्द बसला की कागद स्वच्छ. जमिनीची नोंद राज्य सरकारच्या भूमिसुधार खात्याकडे, इमारतीचा नकाशा नगरपालिकेकडे; प्रत्येकजण दुसऱ्याच्या शिक्क्याकडे बोट दाखवतो. मग त्याच जागेच्या विकासाच्या नकाशात एका कोपऱ्यात सिमेंटचा हौद आणि कारंजे दाखवले जाते, आणि त्याला ‘जलसौंदर्य’ असे नाव मिळते. बुजवलेल्या तळ्याचे पाणी मात्र कुठे तरी जाणारच. ते जाते सर्वांत सखल गल्लीत, म्हणजे कामगारांच्या खोलीत.

याहून मोठा प्रश्न गिरण्यांच्या जमिनीचा आहे. १९५३ च्या पश्चिम बंगाल जमीनदारी संपादन कायद्याच्या सहाव्या कलमाने कारखानदारांना जमीन ठेवू दिली. पण कारखाना चालवण्यास सरकारच्या मते जेवढी लागेल तेवढीच. याचा सरळ अर्थ असा की ती जमीन उद्योगासाठी, कामगारांच्या रोजगारासाठी सोडलेली होती. मालकाला सट्ट्यासाठी दिलेली देणगी नव्हती. उद्योग संपला की ती सवलतही संपावयास हवी.

टिटागढची किनिसन ताग गिरणी १९८० मध्ये राष्ट्रीयीकृत झाली आणि राष्ट्रीय ताग उत्पादन महामंडळाकडे आली. १० ऑक्टोबर २०१८ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ते महामंडळच बंद करण्याचा निर्णय घेतला. म्हणजे जनतेच्या मालकीची नदीकाठची जमीन ‘मालमत्तेची विल्हेवाट’ या कोरड्या शब्दांत बसवण्यात आली. ज्या कामगारांनी तेथे पिढ्या घालवल्या त्यांच्याशी त्या जमिनीबद्दल बोलावे, असे दिल्लीतील सरकारला वाटले नाही.

या वाटेच्या टोकाला काय आहे, हे मराठी कामगारवर्गाने डोळ्यांनी पाहिले आहे. मुंबईत सुमारे सहाशे एकर गिरणी जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील अठ्ठावन्नाव्या नियमाने तिचे ढोबळमानाने तीन वाटे केले : एक शहराच्या मोकळ्या जागांना, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये त्या नियमात थोडीशी दुरुस्ती झाली. वाटणी संपूर्ण जमिनीची नव्हे, तर बांधकाम नसलेल्या रिकाम्या जमिनीचीच करायची! शब्द थोडे बदलले. त्यात मैदाने गेली, घरे गेली. उच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २००५ रोजी लोकांच्या बाजूने कौल दिला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. केंद्र सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाने २००५ मध्येच आपल्या पाच गिरण्यांच्या जमिनी लिलावात विकून टाकल्या होत्या. २०१२ मध्ये गिरणी कामगारांसाठी पहिली सोडत निघाली तेव्हा घरे होती सात हजारांहून कमी, आणि अर्ज सुमारे दीड लाख. आज लालबाग-परळच्या मनोऱ्यांच्या पायथ्याशी हिरवळ आहे, कारंजीही आहेत. तेथे जायचे तर फाटकावर सुरक्षारक्षकाला नाव सांगावे लागते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. बराकपूरच्या पट्ट्यासमोर, हुगळीच्या पलीकडच्या तीरावर हिंदुस्थान मोटर्सची ३१४ एकर जमीन वसाहत उभारण्यासाठी विकली गेली ती २००७ च्या सुमारास, डाव्या आघाडीच्याच सरकारच्या संमतीने. जमीन विकून आलेल्या पैशातून कारखाना सावरेल, असा तेव्हाचा युक्तिवाद होता. मे २०१४ मध्ये कारखान्यातील काम थांबले. भांडवलदाराला जमिनीची किंमत यंत्राच्या किमतीहून अधिक दिसू लागली की तो यंत्र सावरत नसतो; कामगार चळवळीला हे ठाऊक होते आणि तिच्या सरकारने ते लक्षात ठेवावयास हवे होते.

‘कम्युनिस्टांना शहराच्या सौंदर्याचे वावडे आहे’, हा आरोप यावर ठरलेला. तो खोटा आहे. बराकपूरचाच गांधी घाट पाहावा. हबीब रहमान यांनी रचलेल्या त्या स्मारकाचे उद्घाटन जवाहरलाल नेहरूंनी जानेवारी १९४९ मध्ये केले. साध्या माणसाला नदीपर्यंत नेणारी ती जागा आहे. मंगल पांडे यांच्या नावाचे उद्यानही तेथेच नदीकाठी आहे. १९६९ मध्ये संयुक्त आघाडीच्या सरकारने कलकत्त्याच्या चौकांतून साम्राज्यशाहीचे पुतळे हलवले, आणि त्यांतले अनेक बराकपूरच्या फ्लॅगस्टाफ हाउसच्या आवारात नेऊन ठेवले. चौक लोकांना मिळाले, व्हाइसरॉयांना बाग मिळाली! विरोध बागेला नाही. दिवसाचे बारा तास यंत्रावर उभे राहणाऱ्याला सावली आणि वारा हवाच. विरोध आहे तो सार्वजनिक जमीन गिळण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बागेच्या चित्राला.

हे थांबवण्याची साधने अगदीच नाहीत असे नव्हे. १९९३ च्या पश्चिम बंगाल नगरपालिका कायद्यात प्रत्येक वॉर्डासाठी वॉर्ड समितीची तरतूद आहे. परंतु लोकनियुक्त मंडळच नसेल तर समिती कोठून येणार? राज्यातील १०८ नगरपालिकांपैकी बहुतेकांच्या निवडणुका २०२० मध्ये व्हावयाच्या, त्या फेब्रुवारी २०२२ मध्ये झाल्या. मधल्या काळात प्रशासक मंडळांनी कारभार हाकला. महाराष्ट्रात तर मुंबई, पुण्यासारख्या महापालिका मार्च २०२२ पासून साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांच्या हाती होत्या. त्या काळात परवानग्यांची कामे थांबली नाहीत; थांबली होती ती सभागृहातील प्रश्नोत्तरे.

म्हणून नगरपालिकांमधील पक्षाच्या प्रतिनिधींनी आणि जेथे प्रतिनिधी नाहीत तेथे शाखांनी हा प्रश्न नकाशापासूनच हाती घेतला पाहिजे. जागा विकासाचा प्रत्येक मोठा अर्ज, मंजुरीपूर्वी, वॉर्डाच्या जाहीर सभेत लोकांच्या भाषेत वाचला जावा. टिटागढमध्ये ती भाषा बंगालीइतकीच हिंदी, उर्दू आणि तेलुगूही आहे. वॉर्डातील तळ्यांची यादी जुन्या दप्तरावरून तयार करून नगरपालिकेच्या दारावर लावली जावी. बंद गिरणीच्या जमिनीच्या वापरात बदल करणारा कोणताही नकाशा, त्या गिरणीतील कामगारांची ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधी चुकता झाल्याचा दाखला जोडल्याशिवाय, समितीपुढे येऊच नये. आणि चाळीत राहणाऱ्या कुटुंबांची घरे त्याच नकाशात, त्याच जागेवर, पहिल्या टप्प्यात दाखवलेली असावीत. हिरवा रंग त्यानंतर भरावा.