अपव्यय घटेल, पण बचत कोणाची?

केंद्र सरकारच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाने मार्च २०२३ मध्ये आपली 'लीन' योजना नव्या स्वरूपात पुढे आणली. कारखान्यातील अपव्यय शोधून तो घटवण्यासाठी लघुउद्योजकाने तज्ज्ञ सल्लागार नेमावा आणि त्यावरील खर्चाचा ९० टक्के भार सरकारने उचलावा, अशी तिची मांडणी आहे. भोसरी, चिकलठाणा, सातपूर किंवा शिरोली येथील छोट्या कारखानदाराला असे साहाय्य मिळणार असेल तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. भांडवलाची टंचाई ज्याला पदोपदी जाणवते त्यानेच ते अर्धवट मालाच्या ढिगाऱ्यांत अडकवून ठेवावे, हा आपल्या लघुउद्योगातील जुना विरोधाभास आहे.

परंतु अशा योजनांचे कारखान्याच्या जमिनीवर पुढे काय होते, हेही पाहिले पाहिजे. सल्लागार येतात, जमिनीवर पिवळे पट्टे ओढले जातात, हत्यारांसाठी फळ्यांवर जागा आखल्या जातात, भिंतींवर तक्ते लागतात. काही महिन्यांनी पट्टे पुसट होतात आणि तक्त्यांवरील तारखा मागे पडतात. याचे खापर कामगारांच्या आळसावर फोडणे सोपे आहे. ते न्याय्य मात्र नाही. शिक्षण खालपर्यंत पोहोचत नाही, आणि पोहोचले तरी त्यातून आपले काय भले होणार, या कामगाराच्या रास्त प्रश्नाला कोणी उत्तर देत नाही, ही खरी मेख आहे.

अपव्ययाचे अर्थशास्त्र

या पद्धतीचा उगम जपानच्या टोयोटा कंपनीत झाला. तेथील अभियंते ताइइची ओनो यांनी अपव्ययाचे सात प्रकार सांगितले : गरजेहून अधिक उत्पादन, खोळंबा, अनावश्यक वाहतूक, गरजेहून अधिक प्रक्रिया, अनावश्यक साठा, कामगाराची व्यर्थ हालचाल आणि सदोष माल. यांपैकी अधिक उत्पादन हा अपव्यय ओनो सर्वांत घातक मानीत, कारण तो बाकीच्या दोषांवर पांघरूण घालतो. गोदाम भरलेले असले की बिघडलेले यंत्र, चुकीचे माप, कच्च्या मालाची दिरंगाई यांपैकी काहीही डोळ्यांत भरत नाही.

एक काल्पनिक पण अशक्य नसलेला हिशेब मांडून पाहू. तीस कामगारांच्या एका कारखान्यात अर्धवट मालात वीस लाख रुपये अडकले आहेत आणि खेळत्या भांडवलावरील व्याज बारा टक्के आहे. म्हणजे हा माल नुसता पडून राहण्याची किंमत वर्षाला दोन लाख चाळीस हजार रुपये होते. साठा निम्म्यावर आणता आला तर एक लाख वीस हजार रुपये वाचतात. शिवाय दहा लाखांचे भांडवल मोकळे होते ते वेगळेच.

साठा निम्म्यावर आणायचा कसा, हा तंत्राचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बहुधा प्रेसवरच्या डायमध्ये दडलेले असते. डाय बदलून सेटिंग करण्यास चार तास लागत असतील तर एकदा बसवलेल्या डायवर शेकडो नग काढण्याखेरीज कारखानदाराला गत्यंतर नसते. दोनशे चाळीस नगांचा घाणा काढला की प्रत्येक नगावर सेटिंगचा एक मिनिट पडतो. तेच सेटिंग वीस मिनिटांत होऊ लागले तर वीस नगांचा घाणाही त्याच खर्चात निघतो. शिगेओ शिंगो यांनी १९६९ मध्ये टोयोटातील हजार टनी प्रेसचे चार तासांचे सेटिंग प्रथम दीड तासावर आणि नंतर तीन मिनिटांवर आणून दाखवले. यंत्र चालू असतानाच पुढच्या डायची सिद्धता करून ठेवणे, हे त्यातील मर्म. येथे नव्या यंत्रापेक्षा नव्या विचाराची गरज अधिक होती. कोणता बोल्ट दरवेळी अडतो, कोणती पट्टी शोधण्यात वेळ जातो, हे सल्लागाराहून फिटरलाच अधिक ठाऊक असते.

ओतकामाचे उदाहरण घ्या. कोल्हापूरच्या एखाद्या फाउंड्रीतील ओतीव भागात हवेची पोकळी राहिली, तर ती पुष्कळदा मशीन शॉपमध्ये भाग कातला जाताना उघडी पडते. तोवर धातू, इंधन, मजुरी आणि यंत्राचा वेळ सर्व खर्ची पडलेले असते. दोष जेथे उत्पन्न होतो तेथेच पकडायचा, तर साचा भरणाऱ्या कामगाराला वाळूतील ओलावा पारखता आला पाहिजे आणि शंका येताच काम थांबवण्याचा अधिकारही हवा. ज्ञान आणि अधिकार यांची अशी सांगड घातल्याखेरीज या पद्धतीचे पहिले पाऊलही पडत नाही.

शिकवण्याचीही एक विद्या आहे

शिक्षण म्हणजे एक दिवसाचे व्याख्यान नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील कारखान्यांत नवखे कामगार फार मोठ्या संख्येने आले, तेव्हा तेथील सरकारने कारखान्याच्या आतच प्रशिक्षण देण्याचा एक उपक्रम उभारला. १९४० ते १९४५ या काळात सतरा लाखांहून अधिक लोकांनी ते प्रशिक्षण पूर्ण केले. त्यात मुकादम आणि पर्यवेक्षक यांना तीन गोष्टी शिकवल्या जात : काम कसे शिकवावे, कामाची रीत कशी सुधारावी आणि माणसांशी कसे वागावे. आधी शिकणाऱ्याची मनोभूमिका तयार करायची, मग काम टप्प्याटप्प्याने करून दाखवायचे, नंतर त्याच्याकडून करवून घ्यायचे आणि शेवटी वरचेवर विचारपूस करीत राहायचे, असा तो क्रम होता. युद्धानंतर हा अभ्यासक्रम जपानमध्ये गेला आणि टोयोटाने तो आपलासा केला. ज्या अमेरिकेत तो जन्मला तेथे मात्र युद्ध संपताच त्याचा बव्हंशी विसर पडला.

आपल्याकडील प्रशिक्षण पाहिले की तफावत ध्यानात येते. पडद्यावर इंग्रजी तक्ते, तोंडी जपानी शब्द आणि समोर मराठवाड्यातून, बिहारमधून किंवा ओडिशातून आलेले तरुण, असे दृश्य असेल तर व्याख्यात्याच्या फीखेरीज कशाचीही भर पडणार नाही. कामगाराच्या भाषेत, त्याच्याच यंत्रापाशी आणि त्याच्याच जॉबवर दिलेला अर्ध्या तासाचा धडा अशा दहा व्याख्यानांहून मोलाचा ठरेल.

अविश्वासाला इतिहास आहे

तंत्राच्या अडचणीहून विश्वासाची अडचण मोठी आहे. कार्यक्षमता हा शब्द मुंबईच्या गिरणगावाने पहिल्यांदा ऐकला तो बेकारीच्या सावलीत. दोन साचे चालवणाऱ्या विणकराने तीन चालवावेत, असा गिरणीमालकांचा आग्रह सुरू झाला आणि १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या सार्वत्रिक संपाच्या मुळाशी जी कारणे होती त्यांत हे सुसूत्रीकरण प्रमुख होते. साचे वाढले म्हणजे माणसे घटणार, हा हिशेब समजण्यासाठी कामगाराला अर्थशास्त्राची पदवी लागली नाही.

त्याच दशकात जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी १९२४ साली असा स्वयंचलित माग सिद्ध केला की, धागा तुटताच तो आपोआप थांबे. त्यामुळे एकाच माणसाला अनेक माग सांभाळता येऊ लागले, कारण प्रत्येक मागाकडे सतत डोळे लावून बसण्याची गरज उरली नाही. दोन्हीकडे माणसामागे मागांची संख्या वाढत होती. पण एकीकडे यंत्र शहाणे होत होते, तर दुसरीकडे जुन्याच यंत्रांवर माणूस अधिक राबवला जात होता. जपानी भाषेत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. 'मुदा' म्हणजे अपव्यय आणि 'मुरी' म्हणजे माणसावर किंवा यंत्रावर टाकलेला पेलवणार नाही असा भार. मूळ विचारात दोहोंचेही निर्मूलन अभिप्रेत आहे. आपल्याकडील पुष्कळ व्यवस्थापकांनी पहिला शब्द पाठ केला आणि दुसरा सोडून दिला.

टोयोटालाही हा धडा फुकट मिळाला नाही. १९५० साली कंपनी आर्थिक संकटात सापडली, कामगारकपात आणि संप झाला आणि अखेर संस्थापक किइचिरो टोयोडा यांना अध्यक्षपद सोडावे लागले. पुढची पद्धती उभी राहिली ती उरलेल्या कामगारांच्या नोकरीच्या शाश्वतीवर. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे हाच अनुभव आला. गैरहजेरी आणि तंटे यांसाठी कुप्रसिद्ध झालेला जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा कामगार बहुतांशी जुनेच होते आणि संघटनाही तीच होती. शेकडो गटप्रमुखांना जपानमध्ये प्रशिक्षण देण्यात आले, काम थांबवणारी दोरी प्रत्येकाच्या हाताशी आली आणि कपात हा शेवटचाच उपाय राहील, अशी लेखी हमी दिली गेली. पुढे मागणी घटली तेव्हा कामगारांना घरी न पाठवता प्रशिक्षणाला बसवले गेले. कामाच्या वेगाबद्दल तेथेही तक्रारी होत्या आणि २०१० मध्ये भागीदारी संपून तो कारखाना बंद झाला, हेही खरे. तरीही तीच माणसे वेगळ्या व्यवस्थेत वेगळे काम करतात, हे त्या पाव शतकाने सिद्ध केले.

१९५७ चा विसरलेला करार

यासाठी परदेशाकडेच पाहावे लागते असेही नाही. जुलै १९५७ मध्ये झालेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेची आठवण आज गरजेवर आधारित किमान वेतनाच्या सूत्रासाठी काढली जाते. त्याच परिषदेत सरकार, मालक आणि कामगार यांनी सुसूत्रीकरणाच्या तीन अटीही मान्य केल्या होत्या. सध्याच्या कामगारांची कपात होऊ नये आणि त्यांची कमाई घटू नये. लाभाची वाटणी समाज, मालक आणि कामगार यांच्यात न्याय्यपणे व्हावी. आणि कामाच्या भाराचे मोजमाप उभयमान्य तज्ज्ञांकडून व्हावे. सहा दशकांहून अधिक काळ लोटला तरी या अटींत बदलण्याजोगे फारसे काही नाही. त्यांचे पालन तेवढे व्हायचे राहिले आहे.

दरम्यान प्रश्न अधिक बिकट झाला आहे. संघटित कारखान्यांतील कामगारांत कंत्राटी कामगारांचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास पोहोचले आहे. १९६१ च्या कायद्याखालील शिकाऊ उमेदवार तर कायद्याच्या दृष्टीने कामगारच नव्हेत. ज्याला पुढच्या वर्षी येथे असण्याची शाश्वती नाही, त्याने डाय बदलण्याची सुधारित रीत कोणासाठी शोधावी? २०११-१२ मध्ये हरियाणातील मानेसर येथे मारुती सुझुकीच्या कारखान्यात जो संघर्ष झाला आणि ज्याचे पर्यवसान एका व्यवस्थापकाचा जीव घेणाऱ्या निंद्य हिंसाचारात झाले, त्यामागील तक्रारींत कामाचा वेग आणि कंत्राटी कामगारांचे वेतन हे विषय होतेच.

लहान कारखानदार यावर म्हणेल, 'मी हमी कशाच्या जोरावर देऊ? माझीच मागणी बड्या कंपनीच्या मर्जीवर.' या म्हणण्यात तथ्य आहे. बडा कारखाना स्वतःचा साठा शून्यावर आणतो तेव्हा तो पुष्कळदा पुरवठादाराच्या गोदामात सरकलेला असतो. २००६ च्या कायद्याने लघुउद्योगाची देणी जास्तीत जास्त ४५ दिवसांत भागवण्याचे बंधन घातले. तरीही थकबाकीची तक्रार संपलेली नाही. अपव्यय एका दारातून दुसऱ्या दारात ढकलणे याला काटकसर म्हणत नाहीत.

तेव्हा सरकारने ९० टक्के भार उचलताना काही अटी घालणे अप्रस्तुत ठरणार नाही. प्रशिक्षण कामगारांच्या भाषेत आणि प्रत्यक्ष यंत्रावर व्हावे; त्यात कंत्राटी कामगार आणि शिकाऊ उमेदवार यांचा समावेश असावा; सुधारणेमुळे मोकळ्या झालेल्या माणसाला दुसरे काम देण्याचे लेखी आश्वासन असावे; आणि मोजता येणाऱ्या बचतीचा ठरावीक हिस्सा कामगारांना मिळावा. वरील हिशेबात व्याजाच्या बचतीचा तिसरा हिस्सा म्हणजे चाळीस हजार रुपये, माणशी वर्षाला सुमारे तेराशे होतात. रक्कम लहान आहे. परंतु तुझी बुद्धी आम्ही फुकट घेणार नाही, हे सांगण्यास ती पुरेशी आहे.

अपव्ययाच्या सात प्रकारांत पुढे अनेकांनी आठव्याची भर घातली : कामगाराच्या बुद्धीचा. इतर सात मोजण्यासाठी तक्ते आणि घड्याळे आहेत. हा आठवा थांबवायचा तर मालकाला शब्द द्यावा लागतो आणि दिलेला पाळावा लागतो.