मास्तर, लिहिते व्हा!

गुरुजी निवृत्त झाले की शाल, श्रीफळ, भाषणं सगळं साग्रसंगीत होतं. फक्त एक गोष्ट कुणी मागून घेत नाही. हातच्याची वजाबाकी पोरांना नेमकी कुठे अडते आणि कशी सांगितली की सुटते, हे त्यांना तीस वर्षांत कळलेलं असतं. ते त्यांच्याबरोबरच घरी जातं आणि नवीन शिक्षक पुन्हा पहिल्यापासून डोकं फोडतो!

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात चूक सापडली की ती आणि तिचा उपाय लिहून ठेवतात. हुशारी म्हणून नाही, दुसऱ्याचा दिवस वाया जाऊ नये म्हणून. शाळांनी एवढंच करावं, असं माझं मत आहे.

आता तुम्ही म्हणाल, निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं, यातून वेळ कुठाय? तक्रार खरी आहे. पण साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिकवत असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढायचे. दैनिक हं! आपण आठवड्याला दहा ओळींवर भागवू.

सुरुवात अगदी साधी ठेवा. मुख्याध्यापकांचा संदेश, स्नेहसंमेलनाचे फोटो वगैरे नकोत. या आठवड्यात मुलं कुठे अडली, मी काय करून पाहिलं, काय जमलं नाही, बस्स. न जमलेलं तर नक्की लिहा, दुसऱ्याला तेच जास्त उपयोगी पडतं.

दुसरं, युनिकोडमध्ये लिहा. कृतिदेव किंवा शिवाजी फाँटमधला ‘क’ आपल्याला ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी ते भलतंच इंग्रजी अक्षर असतं. फाँट नसेल तर नुसता कचरा दिसतो आणि शोधून तर काहीच सापडत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तिथे ‘क’चा क्रमांक २३२५, मग मोबाइल कुठलाही असो. टंकलेखन येत नसेल तर फोनला मराठीत बोलून सांगा, तो लिहितो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे स्वाध्यायांचे फोटो दोन दिवसांत गडप होतात. तो मजकूर टाइप करून इंटरनेटवर, सगळ्यांना उघडेल अशा पानावर ठेवा.

तिसरं, पासवर्ड दोघांकडे तरी असू द्या. ज्यांना तो माहीत असतो त्यांचीच बदली होते आणि शाळेचं पान अनाथ होतं. दर वर्षी सगळ्याची एक प्रतही काढून ठेवा. याहूने २००९ मध्ये जिओसिटीज बंद केलं, तेव्हा लोकांची वर्षानुवर्षांची पानं गेली. फुकटच्या जागेचा भरवसा धरू नये.

आणि मुलांची नावं, फोटो टाकायचे नाहीत. ‘दुसरीतला एक मुलगा’ एवढं पुरतं. अडला होता म्हणून त्याचं नाव जन्मभर इंटरनेटवर कशाला?

शुद्धलेखन चुकलं तर चुकू दे, नंतर सुधारता येतं. न लिहिलेलं मात्र सुधारता येत नाही. तेव्हा गुरुजी, बाई, या शनिवारी शाळा सुटल्यावर दहा ओळी लिहाच!