चांदबीबीचा महाल? नव्हे, सलाबतखानाची कबर!

१/४ नागापूरहून एका दिवसाच्या सहलीत शाह डोंगरावर गेलात, की गाइड सांगतो : ‘हा चांदबीबीचा महाल.’ मित्रहो, हे असत्य आहे.

२/४ ही अष्टकोनी, तीनमजली वास्तू म्हणजे मुर्तझा निजामशाहाचा मंत्री दुसरा सलाबतखान याची कबर. तळघरात थडगी पाहूनही आपण ‘महाल’च म्हणतो!

३/४ मेक्सिकोत चिचेन इत्झा येथील मायांच्या कुकुल्कान मंदिराला स्पॅनिशांनी ‘किल्ला’ म्हटले. ते परके होते. आपली सबब कोणती?

४/४ चांदबीबीचे खरे स्मारक नगरचा भुईकोट किल्ला. १५९५-९६ च्या वेढ्यात मुघलांच्या सुरुंगाने पडलेले खिंडार तिने रातोरात बुजवून घेतले. खोट्या नावाने मंत्र्याची कबर हिरावली जाते आणि तिचा पराक्रम महालाच्या विलासात हरवतो. पुढच्या वेळी गाइडला अवश्य टोका.