आगबोट खरी, पण कोणत्या सालची?

मित्रांनो, पुठ्ठा, डिंक, कात्री, रंग असं सगळं साहित्य मांडून बसला असाल तर जरा थांबा. यावेळी आपण आगबोटीची प्रतिकृती करायला घेतोय, पण या आठवड्यात कात्रीला हात लावायचा नाही. आधी माहिती गोळा करायची. “त्यात कसली गंमत?” असं काहीजण म्हणतील. वाचा तर खरं!

आपली बोट आहे ‘एस. एस. ग्रेट ब्रिटन’. इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेल या नामवंत इंजिनिअरने तिचा आराखडा केला आणि इंग्लंडमधल्या ब्रिस्टल बंदरात ती बांधली गेली. १९ जुलै १८४३ रोजी ती पाण्यावर तरंगली. त्या काळच्या आगबोटींच्या दोन्ही बाजूंना पाणी कापणारी मोठमोठी चाकं असत. हिच्या मागच्या बाजूला मात्र पाण्याखाली फिरणारा पंखा होता, आणि बोट होती लोखंडाची. या दोन्ही गोष्टी एकत्र असलेली, महासागर ओलांडणारी ही पहिलीच मोठी बोट.

आता तिची चित्रं शोधायला लागा. पुस्तकात बघा, ग्रंथालयात बघा, नेटवर बघा. आणि मग डोकं खाजवत बसा! एका चित्रात सहा डोलकाठ्या आहेत, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात तीनच. धुराडं एके ठिकाणी एक, एके ठिकाणी दोन, तर एके ठिकाणी मुळीच नाही. मग कोणता चित्रकार चुकला?

कोणीच नाही. बोटच बदलत गेली.

१८४५ साली ती लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला पहिल्यांदा गेली, तेव्हा तिला सहा डोलकाठ्या आणि सहा पात्यांचा पंखा होता. पंख्याची पाती प्रवासात तुटली, म्हणून पुढे चार पात्यांचा पंखा बसवला. १८४६ च्या सप्टेंबरात ती आयर्लंडच्या किनाऱ्यावर रुतली, ती जवळजवळ वर्षभर तिथेच. लाकडाची असती तर लाटांनी तिच्या फळ्या केव्हाच सुट्या केल्या असत्या. ही लोखंडाची म्हणून तगली. पण मालक कंपनीचं दिवाळं निघालं. नव्या मालकांनी तिला ऑस्ट्रेलियाच्या लांब वाटेला लावायचं ठरवून चार डोलकाठ्या आणि दोन धुराडी केली. ही धुराडी एकामागे एक नव्हती, तर शेजारी शेजारी होती. म्हणजे बाजूने काढलेल्या चित्रात एकच दिसणार! १८५७ मध्ये पुन्हा बदल झाला : तीन डोलकाठ्या, एक धुराडं. शेवटी १८८२ मध्ये इंजिनच काढून टाकलं आणि ती नुसती शिडाची बोट झाली.

म्हणून वहीत पहिली ओळ लिहायची ती सालाची. माझं मत विचाराल तर १८५७ घ्या. त्या वर्षी उठाव मोडण्यासाठी इंग्रजांनी जे सैनिक पाठवले, त्यांतले काही याच बोटीतून वर्षअखेर आपल्या मुंबईत उतरले. क्रिकेटवेड्यांना १८६१ आवडेल, कारण ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेलेला पहिला इंग्लिश संघ हिच्यातूनच गेला होता.

इथे एक खाचखळगा सांगून ठेवतो. ही बोट आजही आहे. फॉकलंड बेटांजवळच्या उथळ पाण्यात तिला सोडून दिलं होतं. तिथून तरंगत्या तराफ्यावर चढवून तिला अटलांटिकपार आणलं आणि १९ जुलै १९७० ला, म्हणजे तारखेने बरोबर १२७ वर्षांनी, ज्या गोदीत ती बांधली होती त्याच गोदीत ठेवलं. आता तिथे संग्रहालय आहे. पण तिला रूप दिलंय ते पहिल्या दिवसांतलं, सहा डोलकाठ्यांचं. तेव्हा तुम्ही १८५७ निवडलंत आणि आजच्या रंगीत फोटोवरून डोलकाठ्या मोजल्यात, तर फसलातच! फोटो खरा, पण तुमच्या सालाचा नव्हे.

पहिल्या रूपाचं मॉडेल करणाऱ्यांचं नशीब मात्र जोरावर आहे. १८४४ साली फॉक्स टॅलबट यांनी ब्रिस्टल बंदरात तिचा फोटो काढला. जगातल्या बोटींच्या अगदी पहिल्या फोटोंपैकी तो आहे. बाजूला पांढरा पट्टा आणि त्यावर काळे चौकोन दिसतील. तोफांच्या खिडक्या वाटतात ना? नुसता रंग आहे तो! त्या खिडक्या कापू नका, रंगवा.

आता मापं. बोटीची लांबी ३२२ फूट, रुंदी साडेपन्नास फूट. आपण दोनशेपट लहान करणार, म्हणून लांबी सुमारे ४९ सेंटिमीटर आणि रुंदी ७.७ सेंटिमीटर. बाकीची मापं सरळ बाजूने काढलेल्या आराखड्यावरून घ्या. त्यात बोट १६.१ सेंटिमीटर लांब असेल तर १ सेंटिमीटर म्हणजे २० फूट. मग धुराड्याची उंची पट्टीने मोजा की झालं! फोटोवरून मात्र मोजू नका. तिरक्या फोटोत लांबचा भाग आखडलेला दिसतो. आणि साडेपाच फुटी माणूस आपल्या मापात साधारण आठ मिलिमीटरचा होतो. तेवढा एक माणूस कागदाचा कापून जवळ ठेवा. केबिनच्या दारातून तो वाकून जात असेल तर दार चुकलं.

प्रत्येक मापापुढे ते कुठून मिळालं हे लिहा. अंदाज केला असेल तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढा. खाली दडलेल्या भागांना अशी चिन्हं पुष्कळ पडतील. पडू द्या.

आणि हो, आमच्या वर्गातली मुलं आगबोट काढतात तेव्हा शिडं पुढे फुगलेली आणि धूर मागे चाललेला असतो. असं कसं? वारा मागून येऊन शिडं पुढे फुगवतोय, तर धूरही पुढेच जायला हवा. कापसाचा धूर चिकटवणारांनी हेही वहीत टिपून ठेवा.

साल ठरवा, वही भरा. पुढच्या अंकात पुठ्ठा कापू.