किलिमांजारोचं ओझं कुणाच्या पाठीवर?

पहाटे किलिमांजारोच्या किबो या तोंडाच्या कड्यावर पोचले तेव्हा बोटं बधिर झाली होती. वाटेतला एक काळा, सच्छिद्र दगड उचलून पाहिला. थेट आपल्या सह्याद्रीतलाच वाटला. दोन्ही लाव्ह्याचेच. फक्त सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंडावला. टांझानियातल्या या डोंगराची शिरा आणि मावेंझी ही तोंडं कायमची विझली आहेत. किबो मात्र नुसता झोपलेला आहे. त्याच्या विवरातून अजून गंधकाच्या वाफा येतात.

५,८९५ मीटरच्या या माथ्यावर १८८९ साली हान्स मायर आणि लुडविग पुर्टशेलर पोचले, हे पुस्तकांत वाचायला मिळतं. त्यांचं सामान वाहणाऱ्यांची नावं क्वचितच. १९६१ मध्ये देश स्वतंत्र झाला, माथ्यावर मशाल पेटली आणि शिखराचं नाव ‘उहुरू’ झालं. उहुरू म्हणजे स्वातंत्र्य.

माझी पिशवी वाहणाऱ्या पोराच्या बुटाचा तळ दोरीनं बांधलेला होता. तो बूट माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

हमालाच्या पाठीवर २० किलोंहून जास्त ओझं नको, असा तिथला नियम आहे. महाराष्ट्रातून तिरंगा घेऊन निघणाऱ्यांनो, पैसे भरण्याआधी आयोजकांना एवढं विचाराच: हमालांना मजुरी किती, जेवण किती वेळा आणि वजन तपासतं कोण?