कवीचें व्याख्यान आणि मुलांचीं बक्षिसें

विद्वानांचा गौरव करणें हें सुसंस्कृत समाजाचें लक्षण होय, याविषयीं दुमत नाहीं. परंतु तो गौरव केव्हां व्हावा, कोणीं करावा व कोणाच्या पदरच्या पैशानें करावा, याचा विचार आपण क्वचितच करितों. या बाबतींत अमेरिकन कवयित्री ग्वेंडोलिन ब्रुक्स यांचें चरित्र आम्हांस फार बोधप्रद वाटतें.

साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान आदि मानव्यविद्यांस उत्तेजन देण्यासाठीं अमेरिकेंत १९६५ सालीं एक सरकारी संस्था स्थापन झाली. तिनें १९७२ पासून जेफरसन व्याख्यानाचा उपक्रम सुरू केला. हें व्याख्यान देण्याचें निमंत्रण म्हणजे मानव्यविद्यांच्या क्षेत्रांतील मोठाच राष्ट्रीय बहुमान. १९९४ सालीं तो ब्रुक्सबाईंस लाभला. त्यापूर्वीं १९५० सालीं त्यांस काव्याचें पुलित्झर पारितोषिक मिळालें होतें, व तें पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ति होत.

तथापि बाईंस मिळालेल्या या मानांहून बाईंनीं इतरांस दिलेला मान आम्ही अधिक मोठा समजतों. १९६८ सालीं त्या इलिनॉय राज्याच्या राजकवि झाल्या. पुढच्याच वर्षीं त्यांनीं राज्यांतील शाळकरी मुलांच्या कवितांस बक्षिसें देण्याचा प्रघात पाडला, आणि बक्षिसांची रक्कम त्या स्वतःच्या पदरची घालीत. २००० सालीं त्या निवर्तल्या, तोंपर्यंत हा क्रम चालला. पुढें २०१७ सालीं, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, इलिनॉयमधील मानव्यविद्यांच्या संस्थेनें ही बक्षिसें त्यांच्या नांवानें पुनः सुरू केलीं.

हें औदार्य बाईंच्या ठायीं आलें कोठून? आमच्या मतें, त्यांच्या माहेरच्या घरांतून. वडिलांस वैद्य व्हावयाचें होतें. परंतु परिस्थितीमुळें तें साधलें नाहीं, आणि त्यांनीं झाडलोटीच्या नोकरीवर संसार चालविला. आई पूर्वीं शिक्षिका होती. मुलीस लिहिण्याचा नाद आहे हें ओळखून तिनें तिला घरकामांतून मोकळीक दिली. तेराव्या वर्षीं मुलीची कविता मासिकांत छापून आली. पुढें आईनेंच तिची लँग्स्टन ह्यूज या विख्यात कवीशीं भेट घडविली, व त्यांनीं तिला उत्तेजन दिलें. म्हणजे पहिलें बक्षिस एका गरीब घरानेंच दिलें होतें. सरकारचें व्याख्यान पुष्कळ मागाहून आलें.

“कवितेनें पोट भरत नाहीं,” असें कित्येक पालक म्हणतील. त्यांची चिंता आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. फीचा पैसा कसा जमवावा लागतो हें आम्हांस ठाऊक आहे. गणित व शास्त्र सोडावें असें आमचें म्हणणेंही नाहीं. परंतु पोट भरणाऱ्या माणसास मनही असतें. शिकागो शहराच्या ब्रॉन्झव्हिल भागांतील दाटीवाटीनें राहणारे भाडेकरू सरकारी गणतींत केवळ आंकडे होते. १९४५ सालच्या आपल्या पहिल्या काव्यसंग्रहांत ब्रुक्सबाईंनीं त्यांची सुखदुःखें मांडलीं, तेव्हां तीं माणसें जगास दिसलीं. आपल्या शेजाऱ्याचें दुःख ओळखणें व तें नेमक्या शब्दांत सांगणें, ही शक्ति कोणत्याही धंद्यांत निरुपयोगी ठरत नाहीं. आणि जेथें ती नसते तेथें हुशारी निष्ठुर होते.

शाळांच्या बक्षिससमारंभांत गणितांत पहिल्या येणाऱ्यास चषक मिळतो, हें योग्यच. परंतु आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून आणणारी मुलगी, अथवा गांवच्या जुन्या विहिरीची हकीकत म्हाताऱ्यांस विचारून लिहिणारा मुलगा, यांचें नांव व्यासपीठावरून क्वचितच पुकारलें जातें. आमची सूचना अशी कीं, अशा लेखनासाठीं शिक्षक व पालक यांनीं मिळून, प्रत्येकानें थोडें थोडें घालून, दरसाल एक बक्षिस ठेवावें. बक्षिस म्हणून एक चांगलें पुस्तक पुरे. मात्र ज्याचें त्यानें आपलें लेखन सभेपुढें स्वतः वाचून दाखवावें, आणि तें ऐकण्यास आईबापांनीं अगत्यानें यावें.

विद्यार्थिमित्रहो, बक्षिस ठरेपर्यंत वही मिटून बसूं नका. आणि पालकहो, मूल आपण लिहिलेलें कांहीं घेऊन आलें, तर “अभ्यास झाला का?” असें विचारण्यापूर्वीं तें एकवार शेवटपर्यंत ऐकून घ्या. त्यास पैसा लागत नाहीं, आणि ब्रुक्सबाईंच्या आईनें आरंभ केला तोही असाच.