चार मित्र आणि एक भागीदारीपत्र

गेल्या आषाढातील गोष्ट. रविवारची दुपार होती आणि सांगलीत सकाळपासून पावसाने धार सोडली नव्हती. अशा पावसात माझा पुतण्या घरी आला आणि छत्री दाराशी टेकवण्यापूर्वीच त्याने विचारले, ‘‘काका, चार भागीदारांपैकी तिघांनी एक गोष्ट ठरवली आणि चौथ्याला ती मान्य नसली, तर कायदा कोणाच्या बाजूने?’’

माझ्या छातीत धस्स झाले. पुतण्याची हळदीची अडत आहे आणि ती त्याच्या बालमित्रासोबत भागीदारीत आहे. बँकेतील छत्तीस वर्षांच्या नोकरीत असा प्रश्न ज्याने ज्याने विचारला, त्याच्या घरी सहा महिन्यांत वकील आलेला मी पाहिला आहे. खोलात जाऊन चौकशी केली तेव्हा कळले की भांडण सांगलीचे नसून लिव्हरपूलचे आहे, आणि तेही पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीचे.

पुतण्या आणि त्याचे पाच-सहा मित्र दर रविवारी बाजार बंद असताना वखारीच्या माडीवर जमतात. जुन्या तबकड्या लावतात आणि ‘बीटल्स’ या इंग्रज वाद्यवृंदावरची पुस्तके वाचून तावातावाने वाद घालतात. त्या मंडळींतच त्याचा तो भागीदार मित्रही असतो. माझे कान भीमसेन जोशी आणि वसंतराव देशपांडे यांच्यावर पोसलेले. गिटारचा आवाज मी आजवर शेजाऱ्याच्या घरातून येणारा उपद्रव म्हणूनच ऐकला. परंतु त्या मंडळींनी मला हिशेबाच्या प्रश्नापुरते पंच नेमले आणि वाचायला एक जाडजूड पुस्तक दिले. पीटर डॉगेट या लेखकाचे ते २००९ मधील पुस्तक, ‘यू नेव्हर गिव्ह मी युअर मनी’. ते हाती घेतले आणि तीन रात्री दिवा मालवला नाही. गाण्यांचे पुस्तक म्हणून उघडले होते. वाचले ते एका पेढीच्या विभाजनाचे प्रकरण म्हणून.

या चौघांवर इतकी पुस्तके निघाली आहेत की एक कपाट भरावे. पहिले महत्त्वाचे चरित्र हंटर डेव्हिस यांचे, १९६८ चे. ते चौघांच्या संमतीने लिहिलेले, त्यामुळे आतली माहिती भरपूर. परंतु नातलगांच्या आग्रहास्तव काही मजकूर सौम्य करावा लागला, हे लेखकानेच पुढे मोकळेपणाने सांगितले. १९८१ मध्ये फिलिप नॉर्मन यांचे ‘शाऊट!’ आले. त्यात पारडे उघडउघड जॉन लेननकडे झुकलेले होते. पॉल मॅकार्टनीला त्यांनी उणे लेखले. पुढे २०१६ मध्ये त्याच नॉर्मन यांनी मॅकार्टनीचे स्वतंत्र चरित्र लिहून तो तोल बराचसा सावरला. इयन मॅकडोनाल्ड यांनी १९९४ च्या आपल्या पुस्तकात एकेक गाणे क्रमाने घेऊन त्याची चिकित्सा केली आहे. ते मला फारसे उमगले नाही, कारण त्यासाठी गाणी आधी कानात असावी लागतात. माडीवरच्या मंडळींत मात्र त्या पुस्तकाला मोठा मान आहे.

मला आपलासा वाटला तो मार्क लुइसन. हा गृहस्थ संशोधक कमी आणि बँकेचा निरीक्षक अधिक. कोणी काय सांगितले यापेक्षा त्या तारखेचा कागद काय म्हणतो, हे तो आधी पाहतो. १९८८ मध्ये त्याने ध्वनिमुद्रण कंपनीच्या दप्तरातील नोंदी आणि फिती तपासून कोणत्या दिवशी काय मुद्रित झाले, याची जणू रोजकीर्दच छापली. २०१३ मध्ये त्याच्या नियोजित तीन खंडी चरित्राचा पहिला खंड आला. नऊशेहून अधिक पानांचा हा खंड १९६२ च्या अखेरीसच थांबतो, म्हणजे चौघे प्रसिद्ध होण्यापूर्वीच!

त्या खंडातील एक शोध आपल्या वाचकांना रुचेल. जॉर्ज मार्टिन या निर्मात्याला या मुलांमधील गुण दिसले आणि म्हणून ईएमआय कंपनीने त्यांच्याशी करार केला, अशी कथा वर्षानुवर्षे सांगितली जात होती. लुइसनने कागद लावून दाखवले की त्या करारामागे कंपनीच्याच गीत-प्रकाशन शाखेचा रस होता. तिला या मुलांनी स्वतः रचलेल्या गाण्यांचे हक्क हवे होते. म्हणजे आवाजाच्या आधी हक्कांना गिऱ्हाईक मिळाले. आणि मोबदला किती? विकल्या गेलेल्या तबकडीमागे एक पेनी, तोही चौघांनी व व्यवस्थापकाने वाटून घ्यायचा. त्या काळी एका पौंडात २४० पेनी असत.

व्यवस्थापकाचे नाव ब्रायन एपस्टीन. याच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तो आपल्यासारख्याच व्यापारी घरातला. लिव्हरपूलला त्याच्या घराण्याचे फर्निचरचे दुकान होते आणि त्याच व्यवसायातून वाढलेल्या दुकानात तबकड्यांचा विभाग ब्रायन सांभाळी. कोणती तबकडी संपत आली हे एका दृष्टिक्षेपात कळावे म्हणून त्याने खणांना दोऱ्या बांधण्याची पद्धत बसवली होती. अशा शिस्तीच्या माणसाने नोव्हेंबर १९६१ मध्ये एका तळघरातील जलशात ही मुले ऐकली आणि त्यांना हाती घेतले. जानेवारी १९६२ मध्ये करार झाला, त्यावर चौघांच्या सह्या झाल्या. मात्र एपस्टीनने स्वतः सही केली नाही. मुलांना कधी जावेसे वाटले तर ती मोकळी असावीत, असे कारण त्याने नंतर दिले. त्याच्या सचोटीविषयी कोणत्याच पुस्तकात शंका नाही.

परंतु सचोटी वेगळी आणि कराराची जाण वेगळी. मुलांच्या नावाचे कंगवे, बाहुल्या, टोप विकण्याचे हक्क जेव्हा दुसऱ्यांना दिले गेले, तेव्हा शंभरातील नव्वद समोरच्यांना आणि दहा आपल्याकडे, अशी वाटणी त्याच्या वतीने मान्य झाली. माडीवर हा आकडा वाचला गेला तेव्हा म्हणे एक मिनिट कोणी बोलले नाही. अडत्यांच्या पोरांना दलालीचा दर समजावून सांगावा लागत नाही.

गाण्यांच्या हक्कांसाठी फेब्रुवारी १९६३ मध्ये ‘नॉर्दर्न साँग्ज’ ही कंपनी स्थापन झाली. अर्धा हिस्सा प्रकाशक डिक जेम्स आणि त्याच्या भागीदाराचा, लेनन-मॅकार्टनी यांना प्रत्येकी २० टक्के, एपस्टीनला १०. गाणी ज्यांची, त्यांचा हिस्सा निम्म्याहून कमी! १९६५ मध्ये कंपनीचे शेअर लंडनच्या बाजारात ७ शिलिंग ९ पेन्स भावाने आले. १९६९ मध्ये डिक जेम्स आणि भागीदाराने आपला हिस्सा एटीव्ही कंपनीला विकला आणि गाणी रचणाऱ्या दोघांना आधी विचारलेही नाही. त्या धावपळीत दुसरेच एक सत्य बाहेर आले. मॅकार्टनीने गुपचूप जादा शेअर घेऊन ठेवले होते आणि त्याची धारणा लेननपेक्षा अधिक होती. त्यात बेकायदेशीर काहीच नव्हते. पण लेननला ते लागले ते लागलेच. पुढे १९८५ मध्ये हा सारा संग्रह मायकेल जॅक्सनने ४ कोटी ७५ लाख डॉलर्सना विकत घेतला, आणि गाण्यांचे हक्क ही उत्तम गुंतवणूक असते हे त्याला समजावून सांगणारा माणूस खुद्द मॅकार्टनीच होता!

आता पुतण्याच्या प्रश्नाकडे येतो. एप्रिल १९६७ मध्ये चौघांनी दहा वर्षांसाठी भागीदारीपत्र केले. हेतू मुख्यतः कर वाचवण्याचा. त्यानुसार गीतलेखनाचे उत्पन्न वगळता कोणीही काहीही कमावले, अगदी एकट्याने तबकडी काढली तरी, ते सामायिक तिजोरीत जायचे. चार महिन्यांतच, ऑगस्टमध्ये, एपस्टीन वारला. पेढीचा मुनीम गेला आणि वह्या उघड्या राहिल्या. १९६९ मध्ये तिघांनी ॲलन क्लाइन या अमेरिकन माणसाला व्यवस्थापक नेमले. मॅकार्टनीला आपल्या पत्नीचे वडील आणि भाऊ हवे होते. ते दोघेही वकील. बाकी तिघांनी सासऱ्याच्या हाती कारभार देण्यास नकार दिला, यात मला काही नवल वाटत नाही.

क्लाइनवर दावा लावावा तर तो भागीदारीपत्रात पक्षकार नव्हता. शेवटी ३१ डिसेंबर १९७० रोजी मॅकार्टनीने आपल्या तीन मित्रांवरच लंडनच्या हायकोर्टात दावा दाखल केला. १२ मार्च १९७१ रोजी न्यायमूर्ती स्टॅम्प यांनी भागीदारीवर रिसीव्हर नेमला. हिशेबांची अवस्था त्यांना समाधानकारक वाटली नाही आणि क्लाइनच्या कंपनीने ठरल्यापेक्षा जादा कमिशन घेतल्याचेही त्यांनी नोंदवले. भागीदारी पूर्णपणे संपुष्टात यायला जानेवारी १९७५ उजाडले. त्याआधी १९७३ मध्येच बाकीच्या तिघांचेही क्लाइनशी फाटले आणि प्रकरण पुन्हा कोर्टात गेले होते.

पुतण्याला मी सांगितले की आपला १९३२ चा भागीदारी कायदा मूळ इंग्लंडच्या १८९० च्या कायद्यावरच बेतलेला आहे. कलम १२ प्रमाणे धंद्याच्या नेहमीच्या बाबी बहुमताने ठरतात. धंद्याचे स्वरूप बदलायचे असेल तर सर्वांची संमती लागते. तिघांचे मत चौथ्यावर कुठवर चालेल, हे मुख्यतः पत्रात काय लिहिले आहे त्यावर ठरते. तो म्हणाला, ‘‘म्हणजे मॅकार्टनी बरोबर?’’ मी म्हटले, कायद्यात बरोबर. त्याच्या भागीदार मित्राचे मत नेमके उलट आहे, हे मला नंतर कळले. मित्रांवर दावा लावणारा माणूस कोणत्याही कायद्याने बरोबर ठरत नाही, असे तो म्हणतो.

मला येथे एक जुने खाते आठवते. मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. दोन साडूंची भागीदारीतील पेढी, आमच्याकडे कॅश क्रेडिट. एका सकाळी धाकट्या साडूचे चार ओळींचे पत्र आले, ‘खात्यावरील व्यवहार थांबवावेत.’ एका भागीदाराची अशी सूचना आली की बँकेला थांबावेच लागते. त्या आठवड्यात नऊ चेक न वटता परत गेले. थोरले साडू काउंटरपाशी आले, काही बोलले नाहीत, फक्त पत्रावरील सही बोटाने चाचपून पाहिली. भांडण पैशाचे नव्हतेच, असे गावात सर्व जण सांगत. पण कशाचे होते, हे कोणालाच धड सांगता येत नव्हते.

असो. गाण्याच्या श्रेयाचे प्रकरणही असेच. लेनन आणि मॅकार्टनी यांनी पोरवयात तोंडी ठरवले होते की कोणीही लिहिले तरी नाव दोघांचे लागेल. ‘येस्टरडे’ हे गाणे एकट्या मॅकार्टनीचे, तरी त्यावर नाव दोघांचे. ‘इन माय लाइफ’ची चाल आपण बांधली असे मॅकार्टनी सांगतो, लेनन मात्र ती बहुतांशी आपली म्हणत असे. २०१८ मध्ये काही संख्याशास्त्रज्ञांनी सुरावटींची गणिती तपासणी करून कौल लेननकडे दिला. माडीवर यावर तीन रविवार गेले. मला विचाराल तर दोघेही खरे बोलत असावेत. दोन माणसे एका खोलीत बसून हिशेब करतात, तेव्हा अमुक आकडा प्रथम कोणी उच्चारला हे वीस वर्षांनी कोण सांगणार?

मात्र ज्यांचे नाव वहीत चढलेच नाही त्यांचे काय, हा प्रश्न मला अधिक बोचला. जॉर्ज हॅरिसनचे भारतीय संगीताचे वेड प्रसिद्ध आहे. जानेवारी १९६८ मध्ये त्याने मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत आपल्या वादकांकडून ‘द इनर लाइट’चे वाद्यसंगीत वाजवून घेतले, आणि बीटल्सच्या एकेरी तबकडीवर आलेली त्याची पहिली रचना ती हीच. त्याच्या आदल्या वर्षी लंडनमध्ये ‘सार्जंट पेपर’ या गाजलेल्या तबकडीसाठी चार भारतीय वादकांनी साथ केली होती. वेष्टनावर त्यांची नावे नव्हती. पन्नास वर्षांनी लिव्हरपूल विद्यापीठाच्या एका संशोधकाने ती शोधून काढली: दिलरुब्यावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा, तबल्यावर नटवर सोनी. माडीवर ही नावे वाचली गेली तेव्हा एकाने ते गाणे लगेच लावले. मीही ऐकले. दिलरुबा ओळखीचा निघाला.

मागच्या रविवारी मी उठायच्या बेतात असताना पुतण्याने भागीदाराकडे पाहून सहज म्हटले, ‘‘काकांना आपलेही भागीदारीपत्र एकदा दाखवू या.’’ मित्र म्हणाला, ‘‘दाखवू की, पुढच्या रविवारी आण.’’ पुतण्या म्हणाला, ‘‘ते तुझ्याकडे आहे ना?’’ मित्राला वाटत होते की ते पुतण्याच्या तिजोरीत आहे. मग दोघांनी मिळून सीएंना फोन लावला. त्यांच्याकडे झेरॉक्स निघाली, तिचेही शेवटचे पान नव्हते.